मागे धरणारे गळे : लाल बावटा कलापथकाचा सामूहिक प्रयोग

काही वर्षांपूर्वी १ ऑगस्टला, अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीनिमित्त, उमरखेड तालुक्यातल्या एका गावी मला बोलायला बोलावले होते. अण्णाभाऊंचे चरित्र, कादंबऱ्या, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ असे सगळे सांगून झाल्यावर शेवटी मी ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. मंडप रिकामा होत असताना एक वयस्क हलगीवादक जवळ आले. हलगी अजून खांद्यालाच होती. म्हणाले, “भाऊ, तुमी मैना वाचली. चांगली वाचली. पन मैना एकट्यानं होत नसते. तुमच्या मागं धरायला कोन होतं?”

मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न सुटेना. गेली वीसेक वर्षे मी शाहिरीवरची पुस्तके, जुन्या चोपड्या, स्मरणिका गोळा करतो आहे. शिक्षण बेताचे, विद्यापीठाशी संबंध नाही. जे वाचले ते वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात बसून. या वाचनात ‘लाल बावटा कलापथक’ हे नाव मला शेकडो वेळा भेटले होते. पण दर वेळी मी ते अण्णाभाऊंच्या किंवा अमर शेखांच्या चरित्रातला एक टप्पा म्हणून वाचले. पथक म्हणून ते कसे वाजत होते, कोण गात होते, कोण मागे धरत होते, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. तो हलगीवाल्याला पडला, कारण त्यांचे आयुष्य मागे धरण्यात गेले होते.

प्रस्तुत लेखात एवढेच मांडायचे आहे. लाल बावटा कलापथक हा मराठीतला सामूहिक संगीताचा एक धाडसी प्रयोग होता. त्याचा इतिहास आपण दोन थोर माणसांच्या चरित्रांत वाटून टाकला आणि त्याचे संगीत छापील शब्दांत बुजवून टाकले. या दोन्ही गोष्टींमुळे त्या प्रयोगातले नवेपण नेमके कुठे होते आणि तो पुढे का चालला नाही, हे आपल्याला नीट सांगता येत नाही.

तीन नावे आणि एक पथक

पथक १९४४ साली मुंबईत उभे राहिले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ही त्यातली तीन नावे. तिघांचे गळे आणि तिघांच्या वाटा वेगळ्या होत्या.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. ते गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. मातंग समाजातल्या, गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतल्या या मुलाला शाळा मिळाली नाही. पायी चालत मुंबईला आलेले हे कुटुंब. गिरणीत काम, माटुंग्याच्या लेबर कँपात वास्तव्य आणि तिथल्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचा सहवास, यांतून ते लिहू लागले. लेबर कँपातल्या डासांवर रचलेले गाणे ही त्यांची अगदी सुरुवातीची रचना. मात्र गाण्याचे शिक्षण त्याआधीच झाले होते. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांनी ढोलकीचे बोल, वगाची बांधणी आणि सोंगाड्याची वेळ साधण्याची हातोटी पाहून घेतली होती.

अमर शेख मूळचे बार्शीचे, २० ऑक्टोबर १९१६ चा जन्म. खरे नाव मेहबूब हुसेन पटेल. आईच्या ओव्या ऐकत वाढलेला हा मुलगा गाडीवर क्लीनर झाला, गिरणी कामगार झाला, संपात उतरला, तुरुंगात गेला. त्यांच्या आवाजाची पट्टी उंच आणि पल्ला मोठा होता, याबद्दल ऐकणाऱ्या सगळ्यांचे एकमत आहे.

गव्हाणकर हे तिसरे. कोणत्याही लेखात त्यांचे नाव तिसरेच येते आणि बहुतेक ठिकाणी नावापुढे वाक्यही येत नाही. पथकाचा इतिहास कसा लिहिला गेला त्याचा हा पहिला पुरावा. ज्याच्या नावावर कादंबऱ्या आहेत तो पहिला, ज्याचा आवाज दंतकथा झाला तो दुसरा, आणि जो मुख्यतः पथकाचाच होता तो शेवटी. या तिघांच्या मागे उभे राहणारे झीलकरी, ढोलकीवाले, तुणतुणेवाले यांची नावे तर यादीपर्यंतही पोचली नाहीत.

पथक निघाले तेव्हा मुंबईत आणखी एक मोठा प्रयोग चालू होता. २५ मे १९४३ रोजी स्थापन झालेल्या इप्टा या संस्थेचे मध्यवर्ती पथक अंधेरीत होते. कलावंत एकत्र राहत, रोज तालीम करत. शांतिवर्धन यांचे नृत्य, रविशंकर यांचे संगीत, बिनय राय यांची बंगालच्या दुष्काळावरची गाणी असा तो संच होता. तिथे शास्त्रीय शिक्षण घेतलेले कलावंत लोकसंगीताकडे वळत होते. लाल बावट्याची चाल उलट होती. फडात, जात्यावर आणि गिरणीच्या फाटकावर गाणे शिकलेली माणसे तेच गाणे हातात घेऊन जगाच्या घडामोडींकडे वळत होती. दोन्ही पथकांचा राजकीय पक्ष एक, शहर एक; तरी संगीताच्या दृष्टीने ही दोन टोके होती. १९४९ साली इप्टाच्या अलाहाबाद अधिवेशनात अण्णाभाऊ अध्यक्ष झाले, तेव्हा ही दोन टोके काही काळ एकाच व्यासपीठावर आली.

माझी एक चूक

इथे मला स्वतःची एक चूक दुरुस्त करायची आहे. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मी ठामपणे लिहिले होते की, तमाशातले गणेशाचे गण काढून टाकणारे पहिले शाहीर अण्णाभाऊ होत. त्यांच्या लोकनाट्याच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला, शिवरायांना आणि कष्टकऱ्यांना वंदन येते, ही गोष्ट खरी. पण ‘पहिले’ हा शब्द चूक होता. आपल्याकडे जयंतीच्या भाषणांत तो सर्रास वापरला जातो आणि मीही तो तिथूनच उचलला होता.

सत्यशोधक जलशांनी हे काम कितीतरी आधी केले होते. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा प्रचार करणाऱ्या या जलशांनी तमाशाचा साचा घेतला, वाद्ये घेतली, सवालजवाब घेतले आणि देवाच्या जागी निर्मिक व माणूस आणला. त्यांच्यामागून आंबेडकरी जलसे आले. नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा १९३० च्या दशकात गावोगाव फिरत होता. तिथेही गणाचे दैवत बदलले होते, बतावणीतला विनोद जातिव्यवस्थेवर रोखलेला होता. लेबर कँपातला तरुण अण्णाभाऊ ज्या वस्तीत वाढला, तिथे हा जलसा परका नव्हता.

अण्णाभाऊंना ‘पहिले’ म्हणून आपण त्यांचा मान वाढवत नाही. त्यांच्यामागची साखळी तोडतो. फडातला तमासगीर, सत्यशोधक जलसेकार, आंबेडकरी जलसेकार आणि मग लाल बावटा, अशी ती साखळी आहे. प्रत्येकाने मागच्याची झील उचलली आणि पुढे नेली. लाल बावट्याचे नवेपण सांगायचे तर ते या साखळीच्या संदर्भातच सांगावे लागेल.

नवे काय होते

माझ्या मते तीन गोष्टी नव्या होत्या.

पहिली पोवाड्यातली. पोवाडा हा वीराचा असतो. अफझलखानाच्या भेटीपासून पेशवाईपर्यंत आपल्या पोवाड्यांचा कणा एक पुरुष आणि त्याचा पराक्रम हा राहिला. अण्णाभाऊंनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला, तेव्हा त्यात नायक झाले एक शहर. वेढा पडलेले, उपाशी, तरीही न हटणारे. ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’मध्ये गोळीबारात पडलेले गिरणी कामगार नायक झाले. ‘तेलंगणाचा संग्राम’मध्ये तर शेतकऱ्यांचा जमाव. आमच्या उमरखेडहून हे काही दूरचे प्रकरण नव्हते. पैनगंगेच्या या काठाला वऱ्हाड आणि पलीकडे हदगावच्या बाजूला निजामाचे राज्य, अशी १९४८ पर्यंत स्थिती होती. ज्या राज्याविरुद्धचा तो संग्राम, ते राज्य आमच्या नदीच्या पलीकडे सुरू होत होते.

नायक एक नसला की गाणाराही एक पुरत नाही. एका वीराचे शौर्य एक शाहीर सांगू शकतो. शहराचे, जमावाचे शौर्य सांगायचे तर आवाजही अनेक लागतात. विषयातला बदल आणि पथकाची रचना यांचा असा सरळ संबंध होता.

दुसरी गोष्ट लावणीतली. लावणीचा विषय सखी. तिचे रूप, तिचा रुसवा, तिचा विरह. अण्णाभाऊंच्या ‘मुंबईची लावणी’त सखीच्या जागी मुंबई आली आणि नखशिखान्त रूपवर्णनाची जुनी रीत घेऊन मलबार हिलची श्रीमंती व परळची दाटी यांचे वर्णन आले. ‘माझी मैना’त हाच प्रयोग उलट्या दिशेने पुढे गेला. सुरुवातीला मैना खरीखुरी बायको आहे. पोटासाठी मुंबईला आलेला नवरा गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचे रूप, निरोपाची वेळ, दिलेली वचने, मग मुंबईतली हालअपेष्टा. ऐकणारा त्या विरहात पुरता गुंतल्यावर छक्कड वळण घेते आणि बेळगाव, कारवार, निपाणी ही दूर राहिलेली माणसे-मुलूख त्या मैनेच्या जागी येऊन उभे राहतात. हे रूपक आधी ठरवून वर चिकटवलेले असते तर ते भाषण झाले असते. इथे आधी बायको आहे, म्हणून नंतरचा मुलूख खरा वाटतो.

आमच्या भागात संयुक्त महाराष्ट्राबद्दल एकमत नव्हते, वेगळ्या विदर्भाची मागणी तेव्हाही होती आणि आजही आहे. तरी ‘माझी मैना’ इथे गायली जाते आणि ऐकली जाते. कारण कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेला नवरा आणि मागे राहिलेली बायको हे चित्र इथल्या घरांनाही ओळखीचे आहे. राजकीय मागणी मान्य नसलेल्या श्रोत्यालाही गाणे धरून ठेवते, ही त्या रचनेची ताकद.

तिसरी गोष्ट छापील पानावर दिसत नाही, आणि हलगीवाल्याचा प्रश्न तिच्याबद्दलच होता. ती म्हणजे झील.

झीलकऱ्याचे काम

पोवाड्यात किंवा तमाशात मुख्य शाहीर ओळ म्हणतो आणि मागचे झीलकरी तिचे शेपूट उचलून वरच्या सुरात लांबवतात. ‘जी जी’चा तो हेल सगळ्यांना माहीत आहे. पुस्तकात तो बहुधा छापतही नाहीत. छापलाच तर कंसात. वाचणाऱ्याला तो अलंकार वाटतो. प्रत्यक्षात सगळी इमारत त्याच्यावर उभी असते.

झील तीन कामे करते. एक, शाहिराला श्वास देते. तासभर उंच पट्टीत गायचे तर दर ओळीनंतर दोन-चार मात्रांची उसंत हवीच. ती झीलकरी मिळवून देतो. दोन, ती ओळ मागच्या माणसापर्यंत पोचवते. गिरणीच्या फाटकावर, चाळीच्या चौकात, शेतकरी परिषदेच्या मैदानात ध्वनिवर्धक असेलच असे नव्हते. एकाचा गळा जिथे संपतो तिथून पाच गळे पुढे नेतात. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, झील श्रोत्याला जागा देते. दोन-तीन कडव्यांत तिचा हेल श्रोत्यांच्या तोंडी बसतो आणि मग मैदानच झीलकरी होते.

हे ध्यानात घेतले की लाल बावट्याच्या रचनांवरचा नेहमीचा आक्षेप वेगळा दिसू लागतो. त्या प्रचारकी आहेत, पुनरुक्तीने भरलेल्या आहेत, ढोबळ आहेत, असे अनेकांनी म्हटले. एकांतात, मनातल्या मनात वाचताना ते पटते. मलाही काही पोवाडे वाचताना वर्तमानपत्राचे जुने अंक चाळल्यासारखे वाटले आहे. पण पुनरुक्ती ही झिलेसाठी ठेवलेली जागा आहे. ठाशीव, छोटे शब्द हे पाच गळ्यांना एकदम उचलता यावेत म्हणून आहेत. नाजूक, अनेकार्थी शब्द घोळक्याने म्हणता येत नाही, तो सांडतो. एका गळ्यासाठी लिहिलेल्या भावगीताचे माप घेऊन हे मोजणे म्हणजे ढोलकीला सतारीचे तारकाम शोधण्यासारखे आहे.

अर्थात आक्षेपाचा एक भाग उरतोच. पक्षाची त्या त्या वेळची भूमिका सांगण्यासाठी रचलेली गाणी ती भूमिका बदलली की मेली. झील कितीही चांगली असली तरी ती अशा ओळीला वाचवू शकली नाही. ‘माझी मैना’ जगली आणि कितीतरी पोवाडे विसरले गेले, यामागे लोकांचा अन्यायच आहे असे मला वाटत नाही. लोकांनी निवड केली आणि बऱ्याच अंशी बरोबर केली.

काय गमावले

प्रयोगाची किंमतही सांगितली पाहिजे. अण्णाभाऊंनी गणाबरोबर गवळणही वगळली. कृष्ण आणि गवळणींची छेडछाड, मावशीचे पात्र, नाचीचे नृत्य हा भाग त्यांना आपल्या लोकनाट्यात नको होता. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. तमाशातल्या स्त्रीकडे प्रेक्षक ज्या नजरेने पाहत, त्या नजरेला त्यांना खाद्य द्यायचे नव्हते. आंबेडकरी जलशांनीही हेच केले होते.

पण तमाशाच्या रंगमंचावर बाईचा आवाज आणि बाईची जागा मुख्यतः गवळणीत आणि लावणीत होती. गवळण गेली तेव्हा ती जागाही गेली. शोषण थांबवण्यासाठी केलेल्या सुधारणेत जिचे शोषण होत होते तिचेच काम गेले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘खापऱ्या चोर’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही लोकनाट्ये सावकार, पुढारी, मंत्री यांची जी टर उडवतात ती आजही ताजी आहे. पण ही पुरुषांची दुनिया आहे. ‘माझी मैना’तली मैनासुद्धा गावावर राहिली आहे, ती स्वतः गात नाही. पथकाच्या सामूहिकतेची ही मर्यादा होती.

बाहेरूनही घाव बसले. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. गृहखाते तेव्हा मोरारजी देसाईंकडे होते. अश्लीलतेचे कारण पुढे होते, पण सरकारची खिल्ली उडवणारा तमाशा त्यात आपोआप सापडला. ‘तमाशा’ऐवजी ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ झाले त्याला ही बंदीही कारणीभूत आहे. पुढे गंमत अशी झाली की हे नाव शहरी रंगभूमीने उचलले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले, १९६० च्या दशकात वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ गाजले. ही नाटके उत्तम आहेत. पण लोकनाट्य म्हटले की सुशिक्षित मराठी वाचकाला आज ही नावे आठवतात, ‘अकलेची गोष्ट’ आठवत नाही. नाव बंदीतून वाट काढताना मिळाले, लौकिक दुसरीकडे गेला.

का टिकले नाही

पुढे तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ते पुन्हा एकाच हेतूने गायले, आणि १ मे १९६० ला राज्य झाले त्यात शाहिरांचा वाटा किती मोठा होता हे वेगळे सांगायला नको. अण्णाभाऊ कादंबरीकडे वळले. ‘फकिरा’ १९५९ मध्ये आली, १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अमर शेखांनी आपले वेगळे पथक चालवले, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे काव्यसंग्रह दिले. ‘प्रपंच’ या १९६१ च्या चित्रपटात ते कुंभाराच्या भूमिकेत दिसतात. त्यातले चाकाचे आणि मातीचे प्रसिद्ध गीत मात्र सुधीर फडके यांच्या आवाजात आहे. गीत सुंदरच आहे. पण मैदाने गाजवलेला गळा पडद्यावर असताना घराघरांत गेलेला आवाज दुसऱ्याचा, हा योग पाहून मला दर वेळी चुटपुट लागते.

१८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. २९ ऑगस्ट १९६९ ला अमर शेख अपघातात गेले. सहा आठवड्यांत दोन गळे थांबले आणि त्यांच्याबरोबर एक पद्धतही थांबली. ती का थांबावी? गाणारा मेला म्हणून गाण्याची पद्धत मरतेच असे नाही. हे पटण्यासाठी मला फार लांब जावे लागत नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज लाल बावट्याचेच समकालीन. १९०९ ते १९६८. विचारांचे टोक अगदी दुसरे. पण संगीताच्या बाजूने पाहिले तर तोही सामूहिक प्रयोगच होता. एका हातात मावणारी खंजिरी, सोपी चाल, सगळ्यांनी मिळून म्हणायचे भजन आणि रोजची सामुदायिक प्रार्थना. महाराजांचा आवाज कितीही मोठा असला तरी गाणे त्यांच्या आवाजावर अवलंबून राहू नये, अशी ती बांधणी होती. गुरुदेव सेवा मंडळाची शाखा गावात असली की गाणे गावात राहते. महाराज जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तरी आमच्याकडे गावोगाव खंजिरी भजनाची मंडळे आहेत, स्पर्धा होतात, बायकांची मंडळेही त्यात उतरतात. त्यांतल्या बहुतेकांनी महाराजांना पाहिलेले नाही.

दुसरे उदाहरण पार दुसऱ्या खंडातले आहे. १९६५ साली शिकागोत कृष्णवर्णीय संगीतकारांनी आपला एक संघ काढला. धंदेवाईक क्लबांच्या मागणीप्रमाणे वाजवायचे नाही, स्वतः रचलेले संगीत वाजवायचे, असा त्यांचा दंडक. त्यांचे संगीत आपल्या कानाला अवघड, प्रायोगिक. पण त्यांनी आरंभीच्या काळातच वस्तीतल्या मुलांसाठी विनामूल्य संगीतशाळा सुरू केली आणि तिथून शिकलेली मुले पुढे संघात आली. तो संघ पिढ्या बदलूनही चालू राहिला. त्याचा विस्तृत इतिहास २००८ साली प्रसिद्ध झाला, तोही जॉर्ज लुईस या संघातल्याच एका वादकाने लिहिलेला.

मोझरीचे गुरुकुंज आणि शिकागोची वस्ती यांत काही साम्य नाही, एवढे सोडून की दोन्हीकडे शिकवण्याची सोय केलेली होती. लाल बावट्याने गाणी रचली, बसवली, मैदाने जिंकली. पण झीलकरी घडवण्याची शाळा काढली नाही. काढायला उसंत तरी कुठे होती? बंदी, तुरुंग, पक्षांतर्गत भांडणे, पोटाची मारामार यांत ते पथक काही वर्षे एकत्र राहिले हेच विशेष. तरीही कारण कारणच राहते. शाहिरी शिकायची ती शाहिराजवळ राहून, त्याच्या मागे उभे राहून. पथक मोडले तेव्हा मागे उभे राहायची जागा मोडली.

ज्या गळ्यांनी ही परंपरा नंतर उचलली त्यांनी ती बहुतेक स्वतःच्या बळावर उचलली. मुंबईच्या आव्हान नाट्य मंचाचे विलास घोगरे हे त्यातले एक. त्यांचा आवाज आनंद पटवर्धनांच्या ‘बॉम्बे अवर सिटी’ या १९८५ च्या माहितीपटात आहे. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरातल्या गोळीबारात दहा माणसे मेली आणि त्यानंतर चार दिवसांनी घोगरे यांनी आयुष्य संपवले. ‘जय भीम कॉम्रेड’ हा २०११ चा माहितीपट त्यांच्यापासूनच सुरू होतो. कॅमेरा होता म्हणून हा शाहीर गाताना कसा दिसायचा, डफ कसा धरायचा हे पुढच्या मुलांना पाहता येते. लाल बावट्याच्या मैदानांत असा कॅमेरा उभा नव्हता. तिथे राहिली ती चोपडी.

चोपडीबाहेरचे

मग अभ्यासकाने करायचे काय? मला सुचते ते असे. लाल बावट्याच्या रचना वाचताना आपण दर कडव्याला विचारावे की इथे कोण थांबतो आणि कोण उचलतो. ओळ कुठे तुटते, पालुपद किती अंतराने परत येते, शब्दांचे वजन कुठे ढोलकीला मिळते. हे सगळे छापील मजकुरात दडलेले आहे. गाणाऱ्याला ते दिसते. त्यासाठी अभ्यासकाने गाणाऱ्याकडे जायला हवे. आपल्याकडे रीत अशी की शाहिरावर परिसंवाद भरतो, त्यात प्राध्यापक बोलतात आणि शाहीर सुरुवातीला दहा मिनिटे ‘वातावरणनिर्मिती’ करून खाली बसतात. मीही अशा कार्यक्रमांत बोललो आहे आणि मला ते तेव्हा खटकले नाही.

दुसरे असे की, गणना बदलावी. अण्णाभाऊंची समग्र साहित्यसंपदा छापली जाते हे चांगलेच आहे. अमर शेखांच्या जन्मशताब्दीनिमित्त लिहिले गेले, तेही हवेच. पण गव्हाणकरांचे नाव तिसऱ्या जागेवरून हलावे, आणि मागे धरणारे हाही इतिहासाचा विषय आहे हे आपण मान्य करावे. फडातल्या, जलशातल्या, कलापथकातल्या झीलकऱ्यांच्या आठवणी ज्या घरांत अजून आहेत ती घरे दर वर्षी कमी होत आहेत.

त्या हलगीवाल्यांकडे मी नंतर गेलो. पुस्तक बरोबर नेले होते. त्यांना वाचता येत नाही. मी ओळ म्हणायची, त्यांनी हलगी धरायची आणि त्यांच्या नातवाने व शेजारच्या दोघा पोरांनी मागे ओढायचे, असे ठरले. माझा गळा गाण्याचा नाही. पहिल्या कडव्यातच मी धापा टाकू लागलो. तेवढ्यात पोरांनी शेवटचा शब्द उचलला आणि वर नेला, आणि मला चार मात्रांची फुरसत मिळाली. इतकी वर्षे वाचलेल्या त्या ओळींत ही जागा होती, हे मला तेव्हा कळले. कडवे संपल्यावर म्हातारबांनी हलगी शेकायला जाळाजवळ धरली आणि म्हणाले, “आता होते. म्हना पुढं.”